जर्नलमधला आकडा

उजाडलं तेव्हा पाणी साठलेल्या खाणीतले मासे वर तोंडं काढून आ वासत होते. एक-दोन नव्हे, झाडून सगळे. स्वरूपा गुडघाभर पाण्यात उभी राहून बादलीनं पाणी उचलत होती आणि उंचावरून पुन्हा त्यातच ओतत होती, पाण्यात थोडी हवा मिसळावी म्हणून. एवढ्या मोठ्या खाणीला बादली कुठे पुरणार, हे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला कळत नव्हतं असं नाही. पण हात थांबवायची तिची हिंमत होत नव्हती.

चाकणच्या कंपनीतलं कंत्राटी काम सुटल्यावर तिच्या मामांनी, उद्धवरावांनी, या जुन्या दगडखाणीतल्या पाण्यात रोहू-कटला सोडले होते. आता सगळा जीव त्यांचा या माशांत. भाची जीवशास्त्र शिकते याचं तर कोण कौतुक! आठवड्यापूर्वी तिनं प्रोजेक्टसाठी इथलं पाणी बाटलीत भरलं तेव्हा ते म्हणाले, "पाणी बेस निघालं तर सांग, शेणाची ट्रॉली टाकतो. शेवाळ धरलं की मासं पोसत्यात."

चिंचवडच्या कॉलेजात तिनं पाण्यातला ऑक्सिजन मोजला. लिटरला दोन मिलिग्रॅम आला. पुस्तकात तर पाचच्या वर हवा होता. आपलंच काहीतरी चुकलं असं ती धरून चालली. प्रॅक्टिकलला उत्तर जुळलं नाही की चूक विद्यार्थ्याचीच असते. मग सगळे करतात तेच तिनंही केलं. वरच्या वर्गातल्या स्नेहलताईचं गेल्या वर्षीचं जर्नल मागून आणलं आणि त्यातला आकडा उतरवला. सहा पूर्णांक आठ. सरांनी सही ठोकली. मामांनाही तिनं तोच सांगितला, आणि त्याच दिवशी ट्रॉली खाणीत रिकामी झाली.

शेण कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन वापरतात, रात्री शेवाळही वापरतं, म्हणून पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी उरतो. परीक्षेत हे तिनं आकृतीसकट लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मार्क पडले होते. आग लागो त्या मार्कांना!

उद्धवरावांनी मोटर आणून फवारा सुरू केला, पण तोवर मोठे मासे कुशीवर पडू लागले होते. मामा काठावर टेकले.

"कुणीतरी इख कालवलं," ते म्हणाले. "पाणी तर चांगलं व्हतं, तू सोता तपासलंस. त्या रंगरावचंच काम हाय, त्याला पाहिजे व्हती ही खाण. तुझी वही घे, चौकीवर जाऊ."

स्वरूपानं बादली खाली ठेवली.

"मामा, रंगरावांचं नाव घेऊ नका."

"का गं?"

"वहीतला आकडा आपल्या खाणीचा नाही. मारुंजीच्या तळ्याचा आहे, दुसऱ्या मुलीनं काढलेला. आपल्या पाण्याचा दोनच आला होता. मला वाटलं, मीच चुकले."

मामांनी कुशीवर पडलेला एक मासा पाण्यात सरळ धरून पाहिला. मग त्यांनी हळूच विचारलं, "त्यो दोन तवाच सांगितला असतास, तर मी शेण टाकलं नसतं. मोटर लावली असती. वाचलं असतं का गं हे?"

"हो मामा," ती म्हणाली. "सगळे."