फोशानची संशयी हंडी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची हंडी आहे, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. सारे आयुष्य विस्तवावर गेले, त्यामुळे मी ताकसुद्धा फुंकून पिते.

माझा जन्म चीनमधल्या फोशान शहरातल्या भट्टीत झाला. हाँगकाँगच्या या घरी आले तेव्हा पो-पोने, म्हणजे इथल्या आजीने, आधी माझ्यात भाताची पेज शिजवली. पेजेने माझी बारीक छिद्रे बुजली आणि मी कामाला लागले. कोंबडी, लाल खजूर, आले घालून पो-पो दुपारभर मंद आचेवर सूप उकळत ठेवी. शेजारीपाजारी म्हणत, "हंडी असावी तर अशी!" मी तेव्हा फुगून जात असे.

मग नात जन्मली, लोक-यी. तिच्या हृदयाचा रक्त ढकलणारा एकच कप्पा धड होता. तीन शस्त्रक्रिया झाल्या. पोर वाचली, पण खाल्लेले तिच्या अंगाला लागेना. पो-पोने कंबर कसली. रोज नवे सूप, रोज दोन वाडगे.

लोक-यी नऊ वर्षांची झाली आणि तिचे वजन अचानक वाढू लागले. पो-पो हरखली.

"बघ, गाल कसे भरलेत! माझ्या सुपाची करणी!"

लोक-यीची आई, म्हणजे पो-पोची लेक सुएत-फान, जवळ आली. तिने मुलीच्या घोट्यावर बोट दाबले. खळगा पडला, तो लवकर भरेना.

"आई, हे बाळसं नाही, पाणी आहे. तू सुपात चोरून मीठ घालतेस ना?"

"मी? माझ्या नातीला? डॉक्टरांनी नको सांगितल्या दिवसापासून मिठाच्या बरणीला हात लावला असेल तर शपथ! तूच ती डब्यातली ताकदीची पावडर पाजतेस तिला. काय असतं त्यात, देव जाणे!"

त्या दिवसापासून घरात संशय शिरला. सुएत-फान येता-जाता माझ्यात बोट बुडवून चाखे. पो-पो पावडरचा डबा हुंगून पाही. पो-पो खरे बोलत होती. मीठ पडले असते तर सर्वांत आधी मला कळले असते, पण हंडीला कोण विचारतो? माझ्याही मनात पाल चुकचुकत होती. कुठेतरी पाणी मुरत होते. त्या घरात एकटा आ-वोंग बोकाच मजेत होता, आणि त्याच्यावर माझी पहिल्यापासून नजर होती.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितले की लोक-यीच्या आतड्यांतून प्रथिने गळून जात आहेत, रक्तात फार थोडी उरली आहेत. असेच चालले तर तिचा जीव धोक्यात येईल. घरी येताच सुएत-फानने मला चुलीवरून उतरवले.

"उद्यापासून हिची हंडी बंद!"

पो-पो भडकली. दुसऱ्या दिवशी सुपासकट मला टॉवेलात गुंडाळून ती बसने थेट इस्पितळात घेऊन गेली. मायलेकी मागून आल्याच. पो-पोने मला आहारतज्ज्ञ क्वोकबाईंच्या टेबलावर आदळले. तेव्हा माझ्या कडेचा टवका उडाला, तो आजही आहे.

"चाखा! आणि सांगा माझ्या लेकीला!"

क्वोकबाईंनी चाखले. "मीठ नाही."

"ऐकलंस?" पो-पो लेकीवर गरजली.

पण क्वोकबाई अजून माझ्यात डोकावत होत्या. "पो-पो, यातली कोंबडी कुठे आहे?"

"तो गाळ होय? गाळ कोण खातं? सगळा कस सुपात उतरतो. गाळ आ-वोंगला घातला."

"रोज?"

"आमच्याकडे पहिल्यापासून तसंच आहे."

क्वोकबाईंनी पळी खाली ठेवली. "कस बराचसा कोंबडीतच राहतो, पो-पो. प्रथिनं तिच्यात असतात. हिला आधीच पाणी मोजून द्यायचं, आणि हिच्या वाट्याला पाणीच येतंय."

"म्हणजे माझी कोंबडी आ-वोंगने खाल्ली?" लोक-यी म्हणाली.

पो-पोने पळी उचलून माझ्या तळाशी फिरवून पाहिली. "मी नातीला उपाशी ठेवली," एवढेच ती म्हणाली आणि रडू लागली. मला फार वाईट वाटले. सुएत-फान तिच्याजवळ बसली.

"आई, मीही गाळ टाकूनच वाढले. मी नुसतं मीठ शोधत बसले. गाळाकडे बघायचं मलाही सुचलं नाही."

डॉक्टरांनी औषधे बदलली. लोक-यीच्या ताटलीत कातडी काढलेली कोंबडी आणि वाफवलेले मासे आले. सूप मात्र लहान वाटीभरच, तेही मोजून. पुढे तिचे वजन उतरले तेव्हा पो-पो पुन्हा घाबरली. मग एका सकाळी लोक-यीने शाळेचे बूट घातले, आणि सुजेमुळे कित्येक दिवस न लागणारा पट्टा लागला. पो-पोने तो स्वतःच्या हाताने दोनदा सोडून लावून पाहिला.

मित्रांनो, आता मी क्वचितच चुलीवर चढते, तरी पो-पो मला रोज पुसते. तुमच्या घरी असे नाजूक हृदयाचे कुणी असेल, लहान वा मोठे, तर त्याने काय खावे ते जाणत्या माणसाला विचारा. आणि एकमेकांवर संशय घेण्याआधी हंडीच्या तळाशी काय उरते आणि ते कुणाच्या पोटात जाते, तेवढे बघा. बोका जाड होत असेल, तर आजच बघा.