खडपवाडीचा झटपट कौल

खडपवाडीच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. देवीच्या मुखवट्यावर दोन कळ्या चिकटवलेल्या; उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कौलाची रीत जुनीच, पण पूर्वी देवी तासभर ताटकळत ठेवायची. चैतन्य महाराजांनी चांदीचा नवा मुखवटा आणल्यापासून विचारायचा अवकाश, की उत्तर हजर!

"आई, डोंगरावरची पेटी उपटायची ना?" महाराज गरजले. "तिच्या लहरी तुला बाधतात! पेटी गेली की घरटी दक्षिणा ठेवा, मी मंत्रानं डोंगर बांधून देतो!"

टप्! उजवी कळी पडली. वाडीतला कुशाबा तर पहार घेऊनच उठला.

तुळसाबाईचं घर वाडीत सर्वांत वर, डोंगराला खेटून. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून पावसाळ्यात तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे. डोंगरावर नवी पेटी बसवली होती; माती सरकली की ती बिनतारी निरोप धाडणार, खाली भोंगा वाजणार, म्हणून यंदा कुठे ती निर्धास्त होती. पुढे त्याच नेटवर्कवर पोलादपूरचे डॉक्टर तिथूनच वाडीतल्या म्हाताऱ्यांना तपासणार होते. आणि आता देवीच नको म्हणत होती!

सून दर्शना तिच्या कानाशी लागली. देवळातलं वायफाय तीच सांभाळायची. "आई, महाराजांनी आल्या आल्या पासवर्ड मागितला होता. देवीला पासवर्ड कशाला?"

"बंद कर गो ते," तुळसाबाई पुटपुटली आणि पुढे झाली. "महाराज, घर माझं जाईल. मला परत विचारायचं हाय."

"शंभरदा विचार, बाई!"

पुन्हा कळ्या लावल्या. महाराजांनी मंत्र म्हटले, घाम पुसला, कोपऱ्यातल्या शिष्यावर डोळे वटारले. शिष्य मोबाइलवर अंगठा दाबून दाबून दमला. कळ्या ढिम्म.

"देवीचं नेट गेलं वाटतं," दर्शना म्हणाली. "सहदेवकाका, मुखवटा पालथा करा बघू."

सहदेव गुरवानं केला. आत दोन इवल्याशा मोटारी होत्या, मोबाइल थरथरवतात तसल्या. दर्शनानं वायफाय चालू केलं, कळ्या लावून शिष्याचा मोबाइल घेतला. एक बटण दाबलं, उजवी पडली. दुसरं दाबलं, डावी.

"मी उपटलीच असती रे पेटी," कुशाबा पहार टाकत म्हणाला.

तुळसाबाईला रागानं रडूच फुटलं. "देवीला काय विचारायचं ते खुशाल विचारा रे. पण डोंगर हलला का नाय, ते पेटीला विचारा. आणि उद्या पेटी खोटं बोलली, तर तिलापण अशीच उघडून बघा!"