दोनशे सत्तर गोळ्या आणि मी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका. झाकणावरच्या जहाजाचे शीड कधीच उडाले आहे आणि एका कोपऱ्याला पोचा आहे. पण झाकण मात्र अजून असे घट्ट बसते की उघडताना नखे दुखतात. या झाकणाचा मला भारी गर्व होता. त्या गर्वापायी एका माणसाच्या जिवावर बेतले. ते तुम्हाला सांगून टाकावे, म्हणजे मी मोकळा होईन.

माझा जन्म कारखान्यात झाला. एकाच तावातून आम्ही बारा भावंडे कापली गेलो. पोटात बिस्किटे भरून मी एका घरी गेलो, ती चार दिवसांत संपली आणि मग तिथल्या यजमानांनी मला आपल्या शिवणाच्या दुकानात नेले. त्यांना सगळे टेलरमास्तर म्हणत. ते बेतत, कापत, शिवत, आणि काजबटण त्यांची बायको करी. गिऱ्हाइके तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. बटणे माझ्या पोटात असत. वहिनी चिमटीत एक बटण धरत आणि न बघताच सांगत, "हे त्यातलं नाही." मास्तर ते उजेडात धरून उलटसुलट बघत. शेवटी वहिनींचेच खरे निघे आणि मास्तर लगेच दुसरे काहीतरी बोलू लागत.

दुकानात एक शिस्त होती. खाली पडलेली टाचणी सापडल्याशिवाय कोणी जागेवरून उठायचे नाही. गिऱ्हाईक ताटकळले तरी चालेल, पण टाचणी सापडली पाहिजे. मला ही शिस्त फार आवडे.

पुढे मास्तरांचे डोळे अधू झाले आणि दुकान बंद झाले. बटणे कोणाला तरी देऊन टाकली आणि मी माळ्यावर गेलो. तिथे सात वर्षे एका बिघडलेल्या इस्त्रीशेजारी काढली. इस्त्री स्वभावाने वाईट नव्हती, पण तिला बोलायला दुसरा विषयच नव्हता. कोणी तरी आपली आठवण काढावी असे फार वाटे.

एके दिवशी काढली. मास्तरांची लेक परदेशात राहते. तिने आईवडिलांना तीन महिन्यांसाठी बोलावले आणि बजावले, "बाबा, औषधं तिकडूनच आणा. इथे ती लगेच मिळायची नाहीत." मास्तरांना रोज तीन गोळ्या लागतात, साखरेची, रक्तदाबाची आणि पित्ताची. नव्वद दिवसांच्या दोनशे सत्तर गोळ्या आल्या. मास्तरांनी कात्री घेतली आणि स्ट्रिपा कापून एकेक गोळी बाहेर काढायला सुरुवात केली.

"अहो, राहू द्या की आहेत तशाच," वहिनी म्हणाल्या.

"रिकामी वेष्टणं कशाला न्यायची एवढ्या लांब? सगळ्या या डब्यात मावतील. चाळीस वर्षं बटणं ओळखली, तीन गोळ्या नाही ओळखता येणार?"

"बटणं मी ओळखली," वहिनी पुटपुटल्या. मास्तरांना ते ऐकू आले नाही, किंवा त्यांनी ऐकले नाही.

त्यांनी पुठ्ठ्याचे कप्पे मापून कापले आणि माझ्या पोटात बसवले. साखरेची आणि रक्तदाबाची, दोन्ही गोळ्या पांढऱ्या, गोल, मध्ये रेघ असलेल्या. पण कप्पे वेगळे होते, तेव्हा चिंता कसली? मी तर फुगून गेलो होतो. माळ्यावरून थेट विमानात बसलेला दुसरा डबा तुम्ही पाहिला आहे का?

सोळा दिवस सुखाचे गेले. लेकीचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. सकाळी ती आणि जावई कामावर जात. मास्तर खिडकीपाशी बसून तिच्या घराचे पडदे शिवत, कारण तिथले पडदे त्यांना एका बाजूला लांडे वाटत. सतराव्या दिवशी संध्याकाळी त्यांचा धक्का लागून मी टेबलावरून पडलो. आयुष्यात पहिल्यांदाच माझे झाकण आपोआप उघडले आणि गोळ्या घरभर पळाल्या. वहिनी आंघोळीला गेल्या होत्या. मास्तर गुडघ्यांवर बसले, कपाटाखाली हात घालून शेवटची गोळी सापडेपर्यंत उठले नाहीत आणि मग त्यांनी आपल्या नजरेने त्या पुन्हा कप्प्यांत लावल्या. वहिनींना काही सांगितले नाही. सांगितले असते तर "मी म्हटलं नव्हतं?" ऐकावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी त्यांना थोडे गरगरले. उगाच लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून तेही पोटात ठेवले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सुई हातातून गळाली. कपाळावर घाम आला. "छाती अडतीस, बाही तेवीस," असे काहीतरी ते बरळले आणि खुर्चीतून खाली घसरले.

वहिनींच्या तोंडचे पाणी पळाले. पण फोनजवळ लेकीने मोठ्या अक्षरात कागद चिकटवला होता. 'अडचण आली तर हा नंबर लाव. आधी आपल्या भाषेचं नाव सांग. फोन ठेवू नकोस, थांब. पत्ता खाली लिहिला आहे.' वहिनींनी नंबर लावला, "मराठी, मराठी" म्हणाल्या आणि थांबल्या. तो एक मिनिट मला सात वर्षांच्या माळ्याहून मोठा वाटला.

मग एक बाई म्हणाली, "बोला आई, मी दुभाषी आहे. काय झालंय?"

"हे खाली पडलेत. घामाने भिजलेत. हाक मारली तर बघतात नि परत डोळे मिटतात. साखरेचं पाणी पाजू का?"

"नको. धड शुद्धीत नसताना तोंडात काही घालू नका, ठसका लागेल. कुशीवर वळवा. आता घराचा पत्ता सांगा, लिहिलेला असेल तर वाचा. हळू वाचा, मी आहे. त्यांचं नाव काय?"

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती, पण वहिनींच्या तोंडून मास्तरांसाठी मी 'अहो'शिवाय काही ऐकले नव्हते. त्यांनी नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सगळे एका दमात खणखणीत सांगितले. मग दार उघडून ठेवले आणि मास्तरांना कुशीवर वळवून त्यांच्या पाठीशी बसल्या.

अँब्युलन्सची माणसे लवकर आली. त्यांतल्या उंच बाईने मास्तरांचे बोट टोचून थेंबभर रक्त तपासले. साखर फार खाली गेली होती. तिने शिरेत सुई लावली आणि खुणेने विचारले, औषधे कोणती? वहिनींनी मला तिच्या हातात दिले. तिने झाकण काढले आणि आतल्या एकसारख्या पांढऱ्या गोळ्यांकडे बघत राहिली. एकीवरही वाचता येईल असे नाव नाही, वेष्टण नाही. मित्रांनो, मला इतके रिकामे कधी वाटले नव्हते, आणि पोट तर भरलेले होते.

दवाखान्यात मास्तरांना तरतरी आली आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "पडद्यातली सुई काढली का?" वहिनींचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी दुभाषीबाईंना फोनवर घेतले.

"डॉक्टर विचारतायत, आज साखरेच्या गोळ्या किती घेतल्या? नेहमीची एकच असेल तर दुपारनंतर घरी सोडतील. पण जास्त गेल्या असतील तर साखर पुन्हा पडेल. मग इथेच राहावं लागेल."

"एकच," मास्तर म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना तसेच वाटत होते.

डॉक्टर लिहू लागले. मी ओरडून सांगितले असते, पण डब्याला कोण विचारतो?

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "मला एक पांढरा ट्रे द्या."

त्यांनी मला ट्रेमध्ये उपडे केले. डोळे अर्धवट मिटून एकेक गोळी चिमटीत धरली. ही डावीकडे, ही उजवीकडे, ही जाड, हिची कड बोथट. दवाखान्याच्या औषधवाल्या बाई भिंग घेऊन आल्या. गोळीवरची बारीक अक्षरे त्यांनी वाचली आणि वहिनींनी लावलेल्या ढिगांत त्यांना एकही चूक सापडली नाही. मग वहिनींनी मोजल्या.

"एकोणीस दिवस झाले. प्रत्येकीच्या एकाहत्तर उरायला हव्या. पित्ताच्या तेवढ्याच आहेत. रक्तदाबाच्या त्र्याहत्तर, साखरेच्या एकोणसत्तर." त्या मास्तरांकडे वळल्या. "काल आणि आज तुम्ही रक्तदाबाच्या जागीही साखरेचीच घेतलीत. डबा पडला होता का?"

मास्तर छताकडे बघू लागले. "परवा. पण एकही हरवू दिली नाही मी."

"नाही हरवली म्हणून तर कळलं," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी लिहिलेला कागद फाडला आणि मास्तरांना ठेवून घेतले. संध्याकाळी पाचला ते शांत झोपले होते. लेक आली होती, तिलाही बरे वाटत होते. नर्सने ठरल्या वेळी बोट टोचले, आकडा पाहिला आणि धावत दुसरी बाटली आणली. साखर झोपेतच पुन्हा पडली होती.

"घरी असते तर मी म्हटलं असतं, दमलेत, निजू द्या," वहिनी लेकीला म्हणाल्या. लेकीने त्यांना जवळ घेतले.

दोन दिवसांनी आम्ही घरी आलो. दवाखान्यातून औषधे नव्याने घेतली, ती आता स्ट्रिपांतच असतात. मास्तरांनी त्यांची नावे दोन्ही भाषांत, गिऱ्हाइकाची मापे लिहावीत तशा सुबक अक्षरात लिहिली आहेत आणि तो कागद त्यांच्या खिशात असतो. मला धुऊनपुसून फळीवर ठेवले आहे. पोटात काही नाही, आणि खरे सांगतो, त्याचे वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधे त्यांच्या नावानिशी राहू द्या. ती नावे तुम्हीही एकदा वाचून ठेवा, कारण परक्या गावी कोणी मदतीला धावून आला तर त्याला आधी तीच लागतात. आणि काही पडले, सांडले, चुकले, तर ते आपल्या माणसाला सांगा.

रोज सकाळी वहिनी स्ट्रिप पुढे धरतात आणि म्हणतात, "वाचा." मास्तर चष्मा लावून नाव मोठ्याने वाचतात. "बरोबर आहे का?" ते विचारतात. "बरोबर आहे," त्या म्हणतात, आणि मगच पाण्याचा पेला त्यांच्या हातात देतात.