आप्पांच्या कॅमेऱ्याचं हूड

ऑपरेशनच्या सकाळी, हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसून, मृणालने रिपोर्टांच्या पाकिटावर पेन्सिलीने एक त्रिकोण काढला आणि पेन्सिल तिथेच थांबली.

साडेनऊला आप्पांना आत नेणार होते. आप्पा म्हणजे तिचे सासरे बाळकृष्ण. वय ब्याऐंशी, जन्म बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेलेला. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सांगितलं. भोपाळातल्या कोलार रोडच्या घरी आल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, की माझा एक फोटो काढ, माझ्याच कॅमेऱ्यावर, गॅलरीत, संध्याकाळच्या उन्हात. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. भिंतीवर सासूबाईंच्या, लीलाबाईंच्या फोटोशेजारी आप्पांनीच मारून ठेवलेला एक खिळा रिकामा होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता.

कॅमेरा जुना, फिल्मचा, रेंजफाइंडर जातीचा. त्याच्या लेन्सवर तिरपं ऊन पडलं की फोटोवर दुधासारखा पडदा येतो. तो टाळायला लेन्सच्या तोंडाशी हूड लागतं, म्हणजे एक आखूड नळी. घरात ते कुठेच नव्हतं. मृणालने नेटवर शोधलं. अस्सल हूड कॅमेऱ्याहून महाग, आणि परवडणारं परदेशातून यायला तीन आठवडे. बिट्टन मार्केटमधल्या दुकानदाराने लेन्सचं तोंड मापून कॅमेरा हळूच परत केला. "मॅडम, ये साइज़ तो अब अजायबघर में मिलेगा," म्हणाला. शेवटी ती इंद्रपुरीत वसंतकाकांकडे गेली. कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर, घरामागे छोटा लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, ठेवून होते. त्यांनी ॲल्युमिनियमच्या पाइपचा तुकडा लेथवर चढवला. "माप तुझं, हात माझा. चुकलं तर माझ्या नावाने खडे नको फोडूस," म्हणाले. नळीला आतून काळा रंग दिला आणि पैशांऐवजी चहा घेतला.

माप तिचं होतं. वीस वर्षं कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवणाऱ्या बाईचं.

आता बाकावर तिने तेच गणित पुन्हा मांडलं होतं, ते केवळ मन कशाला तरी बांधून ठेवावं म्हणून. आणि चूक दिसली. हूडची लांबी काढताना तिने फिल्मच्या चौकटीची रुंदी धरली होती. धरायचा होता कर्ण. हूड काही मिलिमीटर लांब झालं होतं, म्हणजे फोटोचे चारही कोपरे काळे होणार. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी असते, त्यामुळे गॅलरीत फोटो काढला तेव्हा तिच्या डोळ्याला सगळं स्वच्छ दिसलं होतं.

कोपरे गेले तर बिघडलं कुठे, असं दुसऱ्या कुणाच्या फोटोबाबत म्हणता आलं असतं. पण माणूस मधोमध बसवणं आप्पांना कधीच पटत नसे. खुर्ची त्यांनी स्वतः डावीकडे सरकवून घेतली होती. त्यांचा चेहरा वरच्या डाव्या कोपऱ्यात होता. तिने पुन्हा हिशेब केला. काळोख केसांशी थांबतो की कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरतो, हे पेन्सिल सांगू शकत नव्हती.

कॅमेरा तिच्या पिशवीतच होता. रोलमध्ये दोन फोटो शिल्लक होते. हूड काढून आत्ता एक काढता आला असता. पण आणखी एक फोटो हवा असं म्हणणं म्हणजे जे पंधरा दिवस घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते उच्चारणं. घड्याळात नऊ वाजून अठरा मिनिटं झाली होती. तिने पिशवीतून कॅमेरा काढला.

ती खोलीत गेली. आप्पा हिरव्या झग्यात टेकून बसले होते. तिचा नवरा हर्षल उशाशी उभा होता.

"आप्पा, हूड लांब झालंय."

"किती?"

"चार मिलिमीटर असेल. मी रुंदी धरली. कर्ण धरायला हवा होता."

आप्पांनी क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे माझं डोकं गेलं."

"गेलंच असेल असं नाही. फिल्म धुतल्याशिवाय कळणार नाही."

"आणि तुला तोवर थांबवत नाहीये."

हर्षल खिडकीबाहेर बघू लागला. पंधरा दिवस टाळलेला शब्द अजूनही कुणी उच्चारला नव्हता, तरी तो आता खोलीत होता.

"काढ ते हूड," आप्पा म्हणाले. "आमच्याकडे हूड कधी नव्हतंच. परवडत कुठे होतं? लीला ऊन अडवायला लेन्सच्या वर हात धरायची."

"मग सांगायचं नाही का आप्पा? सगळं भोपाळ पालथं घातलं मी."

"तू विचारलंस कुठे? तू मोबाइलला विचारत होतीस." मग हर्षलकडे वळून, "ये इकडे. आई धरायची तसा धर. बोटं फोटोत येऊ देऊ नकोस."

हूड काढल्यावर खिडकीतून ऊन थेट लेन्सवर येत होतं. हर्षलने तळहात आडवा धरला. सावली लेन्सवर पडली. कॅमेऱ्याच्या खिडकीत आप्पांच्या दोन प्रतिमा दिसत होत्या, अंधूक आणि एकमेकींपासून सुटलेल्या. तिने लेन्सचं कडं फिरवत त्या एकावर एक आणल्या. या वेळी चेहरा मधोमध होता. आप्पांनी हरकत घेतली नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

बटण दाबलं. नर्स ट्रॉली घेऊन दारात आली.

मृणालने फिल्म पुढे सरकवली आणि तिचं बोट पुन्हा बटणावर गेलं.

"राहू दे," आप्पा म्हणाले. "एक राहू दे. परत आल्यावर तुझा काढेन."

ट्रॉली वळली, दार मिटलं. मृणाल कॅमेरा छातीशी धरून बाकावर बसली. बोट अजून बटणावरच होतं. ते चुकून दाबलं जाऊ नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवलं.