कानापर्यंत न पोचलेलं

मित्रांनो, मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. आकाराने काजूएवढा, रंगाने मळकट तपकिरी. कारखान्यात एका बाईंनी भिंगातून बघत माझ्या पोटात बारीक तारा जोडल्या आणि मला एकच काम शिकवलं: हळू आवाज मोठा करून आत पोचवायचा. कोणता पोचवायचा आणि कोणता बाहेरच ठेवायचा, हे मात्र कुणी शिकवलं नाही. त्याची लाज मला पुढे फार वाटली.

मी एका किल्लीवाल्यांच्या कानामागे बसलो. चाळीस वर्षं लोखंड घासून घासून त्यांचे कान गेले होते. त्यांची थोरली लेक शाळेत शिकवायची, बाप आणि लेक अशी दोघंच घरात. तिनेच त्यांना दवाखान्यात नेऊन मला घेतलं. घरी पाऊल टाकताच किल्लीवाले थबकले.

"हा नळ कधीपासून गळतोय गं?"

"चार वर्षं झाली, बाबा."

"मग बोलली नाहीस ती!"

"रोज बोलत होते!"

दोघं पोट धरून हसली. माझ्या कौतुकाचे ते पहिले दिवस. लेक मला रोज मऊ फडक्याने पुसायची.

दुकानात मी नाही नाही ते ऐकलं. किल्लीवाले बहिरे म्हणून सगळ्यांना ठाऊक होते आणि केसांमुळे मी कुणाला दिसत नसे, त्यामुळे माणसं त्यांच्यासमोर मोकळी बोलत. एकदा दोन भाऊ घराचं कुलूप बदलायला आले. थोरला मधल्याला म्हणाला, "धाकटा गावाहून यायच्या आत झालं पाहिजे. बोल बिनधास्त, म्हातारा ठार बहिरा आहे." किल्लीवाल्यांनी मान वर केली नाही. काम झाल्यावर त्यांनी समोर तीन किल्ल्या ठेवल्या.

"आम्ही दोनच सांगितल्या होत्या," थोरला ओरडून म्हणाला.

"हो का? मला वाटलं, तुम्ही तिघं भाऊ. तुमच्या वडिलांनी तीनच करून घेतल्या होत्या."

थोरल्याचे कान लाल झाले. मधल्याने मुकाट्याने तिन्ही किल्ल्या उचलल्या. किल्लीवाल्यांनी हे घरी कधी सांगितलं नाही. ऐकलेलं पोटात ठेवायची त्यांना सवय होती.

पुढे हात थरथरायला लागले आणि दुकान बंद झालं. मीही थकलो होतो. निम्मे शब्द माझ्याकडून घसरायचे. "काय म्हणालीस?" हा प्रश्न दिवसातून पन्नासदा. लेक शाळेत ओरडून यायची आणि घरीही ओरडायची. फडकं केव्हाच हरवलं होतं.

एका रविवारी दुपारी ती म्हणाली, "बाबा, गॅसवाला येईल. मी स्वयंपाकघरात आहे. मशीन लावून बसा, बेल वाजली की उठा." ते बसले, अगदी कान देऊन. थोड्या वेळाने आत धाकट्या बहिणीचा फोन आला. लेकीचा आवाज चढत गेला.

"तुला काय जातंय लांबून सांगायला! चार दिवस येऊन राहा, मग कळेल. एक वाक्य पाच वेळा ओरडायचं. माझं आयुष्य त्या खुर्चीला बांधलंय नुसतं. खरं सांगू? सुटू देत एकदाचे. ते सुटतील आणि मीही सुटेन."

मित्रांनो, तेव्हा एखादा शब्द घसरला असता तर! पण भिंत पातळ होती, आवाज चढलेला होता. मी एकूण एक शब्द आत पोचवला. त्यांनी मला बंद करायला घाईने हात वर नेला, तळवा माझ्यावर दाबला गेला आणि मी कर्कश शिटी मारली.

आतलं बोलणं थांबलं. लेक दारात आली.

"गॅसवाला आला का गं?" ते पेपरावरून नजर न उचलता म्हणाले. "मशीन बिघडलंय बहुतेक. मघापासून अक्षर ऐकू येत नाही."

माझ्यावर आळ आला, पण तो मी आनंदाने घेतला. लेकीने सुटकेचा श्वास सोडला तोही मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी ती मला दुरुस्तीला घेऊन गेली. तंत्रज्ञाने तपासलं, साफ केलं. "मळ होता जरासा. पण ताई, काल बिघडलेलं असणं शक्य नाही. शिटी वाजली म्हणता ना? शिटी वाजते म्हणजे मशीन चालू असतं." तिने मला मुठीत धरलं. बाहेरच्या बाकावर ती बराच वेळ बसली.

घरी त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"बिघडलं होतं. नीट केलं त्याने."

"बरं झालं," ते म्हणाले. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्यानंतर फोन वाजला की ते मला कानातून काढायचे आणि तिला दिसेल असं टेबलावर ठेवायचे. रागाने नव्हे. तिला मोकळं बोलता यावं म्हणून. पण तिला ते बघवायचं नाही. आज माफी मागू, उद्या मागू, सहामाही परीक्षा झाली की मागू, असं तिचं चाललं होतं.

एका संध्याकाळी धाकटीचा फोन येऊन गेला, तेव्हा मी टेबलावर होतो. मला बंद करायचं ते विसरले होते. लेक त्यांच्यासमोर येऊन बसली. तिने माझ्याकडे पाहिलं. मला उचलून त्यांच्या हातात देणं तिच्या बोटांच्या अंतरावर होतं. तिने दिलं नाही. मान खाली घालून ती भरभर बोलली.

"बाबा, त्या दिवशी मी बोलले ते तुम्ही ऐकलंत, मला माहीत आहे. मी खोटंही बोलले. मला माफ करा. मला सुटायचं नाहीये."

त्यांनी तिचे हलणारे ओठ पाहिले. "थांब, थांब. मशीन दे. नीट ऐकू दे मला."

तिने मला दिलं. त्यांनी थरथरत्या हाताने मला बसवलं आणि मान पुढे केली. "हं. बोल आता."

मी तयार होतो, मित्रांनो. इतका मी कधीच तयार नव्हतो.

"काही नाही," ती म्हणाली. "जेवायला चला म्हटलं."

नऊ दिवसांनी ते झोपेतच गेले.

ती माफी माझ्यापाशी राहिली. पोचवणं हे माझं काम. नको ते पोचवलं आणि हवं ते राहून गेलं, याची लाज मी कुणाला सांगू? ती मला अजून दर रविवारी पुसते. सेल बदलते, स्वतःच्या कानाशी धरते आणि मला जे ऐकवता येत नाही त्या उत्तराची वाट बघत बसते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला कोरडं ठेवा, त्याचा सेल वेळेवर बदला. आणि मनातलं काही सांगायचं असेल, तर आधी त्याला उचलून ज्याचं आहे त्या माणसाच्या हातात द्या. त्या माणसाने ते कानात बसवेपर्यंत थांबा. थोडा वेळ लागतो, हात थरथरतात. तेवढ्या वेळात माघार घेऊ नका.