दहा हजार बोके आणि एक शिंक

"बाबा, आपल्या बोक्यांचा उजवा डोळा वाटाण्याएवढा आणि डावा वाटीएवढा का हो?"

नववीतल्या भिंगरीनं हा प्रश्न भर दुकानात, बसभर परदेशी पाहुण्यांसमोर विचारला. "हिंमत असेल तर विचारून दाखव!" असं मैत्रिणींनी डिवचलं होतं, आणि आता त्या दारात एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. बाबांनी असे डोळे वटारले, की दोन्ही सारखेच मोठे झाले. मला तर हेवाच वाटला.

कारण मित्रांनो, ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं, तो जुना लाकडी बोका मीच. वरच्या फळीवर, कोपऱ्यात बसतो. वय विचारू नका. माझ्या शेपटीवर भिंगरीच्या आईच्या दुधाच्या दातांच्या खुणा आहेत, त्यावरून काय तो अंदाज बांधा.

मला भिंगरीच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी कोरलं. कान सुरेख जमले, मिशा झकास. पण डाव्या डोळ्याच्या वेळी त्यांना अशी सणसणीत शिंक आली, की पटाशी घसरली आणि वाटाण्याची वाटी झाली! ते मला चुलीत घालणार होते, पण इवलीशी आई म्हणाली, "हा माझ्याकडे बघतोय!" आणि चावलीच मला. झालं, मी वाचलो.

पुढे आजोबांनी शेकडो बोके कोरले, सगळे समडोळ्यांचे. तरी दूरदूरचे पाहुणे फोटो काढायचे माझेच. मी असा फुगलो होतो म्हणून सांगू!

मग एक व्यापारी आला आणि नमुना म्हणून मला समुद्रापार घेऊन गेला. तिथल्या कारखान्यात यंत्रानं माझं अंग अंग मोजलं. मी परत आलो, तर मागोमाग बोटीतून दहा हजार बोके हजर! सगळ्यांचा डावा डोळा वाटीएवढा. आजोबांची शिंक सातासमुद्रापलीकडे जाऊन जशीच्या तशी परत आली होती. अहो, शेपटीवरच्या दातांच्या खुणासुद्धा हुबेहूब उतरवल्या होत्या!

"यंत्राशी कसली बरोबरी करायची?" म्हणत आजोबांनी हत्यारं गुंडाळून ठेवली. त्यांच्या लाडक्या पटाशीनं आता बाबा खोकी फोडतात. माझ्यावर धुळीचा थर चढला. आणि बसबरोबर येणारा गाईड रोज ठोकून देऊ लागला, "एक डोळा समुद्राकडे, एक घराकडे. फार प्राचीन श्रद्धा आहे ही!"

आज भिंगरीच्या प्रश्नावरही त्यानं तेच सुरू केलं. तेवढ्यात एका पाहुणीनं बोका उलटा करून खालचा शिक्का वाचला आणि ती खो खो हसत सुटली. ती काहीतरी बोलली, तसा गाईडचा चेहराच पडला.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

"म्हणतायत की... हा त्यांच्याच गावच्या कारखान्यातला आहे. यांची मावशी तिथं डोळे रंगवते. एकदा तिनं दोन्ही सारखे रंगवले, तर मुकादम खेकसला, 'नमुन्यात आहे तस्संच हवं!' ती बिचारी पंधरा वर्षं हाच प्रश्न विचारतेय."

मग मागच्या खुर्चीतून आजोबा म्हणाले, "शिंक आली होती."

"हे... सांगू त्यांना?" गाईड चाचरला.

"सांग की! आणि शेपटीला आमची लेक चावलीय, तेही सांग."

आई लाल लाल झाली. सगळे पाहुणे पोट धरधरून हसले. त्या पाहुणीला मात्र आता मावशीसाठी आजोबांच्या हातचाच बोका हवा होता.

आजोबांनी आपले थरथरते हात पुढे केले. "आता कोण कोरणार, बाई?"

"हा जुना आहे ना! देऊन टाकू," म्हणत बाबांनी मला खाली काढलं. माझं लाकूड गारठलं. मित्रांनो, 'जुन्या वस्तूंना जपा, त्या घडवणाऱ्या हातांना त्याहून जपा,' अशी हात जोडून विनवणी मी करणारच होतो. पण भिंगरीनं बोलू दिलं तर ना! तिनं मला हिसकावून छातीशी धरलं, माझ्यावरची धूळ फ्रॉकला पुसली आणि म्हणाली,

"हा कुठ्ठेही जाणार नाही! आई, बाबा, माझं ठरलंय. उद्यापासून शाळा सुटली की मी आजोबांजवळ बसून कोरायला शिकणार. त्या मावशींना बोका मी पाठवणार. ती पटाशी द्या इकडे, आणि खोकी आता सुरीनं फोडा!"