दोन डावे पंख

शुक्रवारी दुपारी त्याने पंख बसवायला घेतले आणि तो मटकन खालीच बसला. विमान छोटंसं, रिमोटवर उडणारं. पंखांची एक जोडी खाली, एक वर. वरची जोडी झकास जुळली. खालचा डावाही बसला. चौथा मात्र काही केल्या बसेना. पुढची कड पुढे ठेवावी तर फुगवटा खाली जातो, फुगवटा वर करावा तर पुढची कड मागे!

पलीकडच्या खोलीत आक्का खोकी बांधत होती. आयुष्यभर शिवणकाम केलेली ही थोरली बहीण रविवारी दुपारच्या गाडीने कायमची लेकीकडे निघाली होती. लहानपणी वहीची पानं फाडून गच्चीवरून विमानं सोडताना त्याने तिला शब्द दिला होता, एक दिवस खरं उडणारं करून दाखवीन. आता त्याची साठी उलटली होती आणि हातात जेमतेम दीड दिवस उरला होता.

"काय झालं रे?"

"काही नाही."

"काही नाही, तर तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?" आक्काने बसवलेला खालचा डावा काढून चौथ्यावर ठेवला. हुबेहूब जुळले. तिला हसू आवरेना. "ड्रायव्हरसाहेब, तीस वर्षं बस चालवलीत आणि दोन्ही पंख डावे? माणसं पोचवत तरी होतात का?"

"नकाशात वरचे दोन्ही आहेत, खालचा मात्र डावाच काढलाय गं. उजवा उलटा करून बांधायचा, ते डोक्यातच आलं नाही."

"मी दोन डाव्या बाह्या शिवल्या असत्या तर गिऱ्हाइकाने माझी पाठ शिवली असती!"

तिने स्वयंपाकघरातून तेल आणि कापूस आणला आणि नकाशावर अलगद बोळा फिरवला. कागद काचेसारखा झाला, रेघा पाठीमागून स्वच्छ दिसू लागल्या. तिने तो पालथा घातला.

"घे तुझा उजवा. देवाचं नाव घे आणि लाग कामाला."

त्याने हलक्या लाकडाच्या फासळ्या कापल्या, तिने टाचण्यांनी रोवून धरल्या. शनिवारी पंखांवर ताणायचं लाल कापड संपलं, तेव्हा आक्काने बांधलेलं खोकं सोडून रेशमाचा पिवळा तुकडा काढला, ताणून चिकटवला, वर रोगणाचा पातळ हात दिला.

"तीन लाल, एक पिवळा. ठिगळ दिसतंय गं."

"दिसू दे. उडताना कोण बघतंय?"

रविवारी सकाळी मैदानावर विमान भुर्रकन वर गेलं. आक्काने टाळ्या पिटल्या. मग ते वळून त्यांच्याकडे तोंड करून आलं आणि त्याची भंबेरी उडाली. समोरून येणाऱ्या विमानाचा उजवा कुठला, डावा कुठला? विमान एका अंगाला कलंडलं. मनात त्याने देवाला हात जोडले. खरे हात रिमोटवर अडकलेले.

"अरे, पिवळा उजवा!" आक्का ओरडली. "पिवळा खाली गेलाय, डावीकडे दे!"

त्याने दांडी डावीकडे दाबली. विमान सावरलं, दोघांच्या डोक्यावरून गेलं आणि दोन घिरट्या घालून गवतात टेकलं. एक चाक निखळलं, तेवढंच.

आक्काने पदराने डोळे टिपले. घरी आल्यावर उरलेला डावा पंख तिने उचलून आपल्या पिशवीत खुपसला.

"हा मी नेते. डावा मोडलास की घ्यायला ये."

"आणि नाहीच मोडला तर?"

आक्काने त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"चालवणार तूच ना?"